संचालक मंडळानें पुढें पाहावें



आपल्यापैकीं पुष्कळांची बचत एखाद्या कंपनीच्या शेअरांत गुंतलेली असते. त्या कंपनीचें संचालक मंडळ गतवर्षींचा नफा मोजण्यांतच समाधान मानीत असेल, तर ती बचत सुरक्षित नाहीं.

अमेरिकेंतील कोडॅक कंपनीचें उदाहरण घ्या. तिच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें १९७५ सालीं फिल्मवांचून चालणारा डिजिटल कॅमेरा तयार केला. परंतु फिल्मचा नफाच इतका मोठा, कीं नव्या मार्गावर पाऊल जपूनच पडत राहिलें. २०१२ च्या जानेवारींत कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

जपानच्या फुजी कंपनीवरही हेंच संकट आलें. 'फिल्मखेरीज आपणांस काय येतें?' असा प्रश्न तिच्या चालकांनीं स्वतःस विचारला. फिल्मचें रसायनशास्त्र त्यांनीं सौंदर्यप्रसाधनांच्या व सपाट पडद्यांस लागणाऱ्या पातळ पटलांच्या कामीं लाविलें, आणि कंपनी तरली.

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यानें शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीच्या मंडळावर निदान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असणें आवश्यक केलें आहे. परंतु कायदा खुर्ची देतो. प्रश्न विचारण्याचें धैर्य देत नाहीं. वर्गांत शंका विचारणारा विद्यार्थी हा शिक्षकाचा वैरी नव्हे. मंडळांतील शंकेखोर संचालकही कंपनीचा हितकर्ताच होय.

म्हणून वर्षाकाठीं एक सभा तरी मंडळानें एवढ्याच विचारासाठीं राखावी : आपला आजचा नफा उद्यां कोणत्या कारणानें नाहींसा होईल? आणि भागधारकांनींही वार्षिक सभेंत हाच प्रश्न आदरानें, परंतु निर्भयपणें विचारावा.