आधी गटार, मग घर

आमची घोटी बाजारपेठेने शहर आहे, कारभाराने मात्र ग्रामपंचायतीचे गाव. भाताच्या गिरण्या, मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे यांनी तिला वाढवले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. रस्ता आला की जमिनीला भाव येतो, प्लॉट पडतात, घरे उभी राहतात. प्रश्न एवढाच, की त्या घरांचे पाणी, गटार आणि रस्ते यांचा पैसा कोणी भरायचा?

आमच्या इगतपुरी तालुक्यात पाण्याला तोटा नाही. १९१६ सालचे दारणा धरण गोदावरीच्या कालव्यांना पाणी देते. १९७३ साली पूर्ण झालेल्या ऊर्ध्व वैतरणेचे पाणी थेट मुंबईच्या नळाला जाते. याचा अर्थ सरळ आहे. पाऊस फुकट पडतो, पण नळ फुकट येत नाही. जलवाहिनी टाकण्याची ऐपत ज्याची, पाणी त्याच्या दारी.

ही ऐपत कुठून येते? नाशिक महापालिकेने १९९९ मध्ये १०० कोटींचे कर्जरोखे काढले. जलवाहिनी तीस-चाळीस वर्षे चालते. मग तिचा सगळा भार आजच्याच करदात्यावर का टाकायचा? उद्या राहायला येणाऱ्यानेही हप्त्याहप्त्याने वाटा उचलावा, हा कर्जामागचा हिशोब. कर्ज देणारा मात्र आधी करवसुली पाहतो. घरपट्टी थकवणारे गाव स्वतःचीच पत घालवते.

ग्रामपंचायतीला कर्जरोख्यांचा बाजार दूरच. तिच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात गावांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवली होती. चांगली सोय, पण ते अनुदान लोकसंख्या मोजून मिळते. उद्या येणारी वस्ती त्यात धरलेली नसते.

तिसरा खिसा राहतो, तो जमिनीचा. रस्त्यामुळे ज्याच्या जमिनीचा भाव वाढला, त्याने वाढीचा थोडा वाटा गावाला द्यावा, यात अन्याय नाही. शहरांसाठी राज्याच्या नगररचना कायद्यात १९९२ साली विकास शुल्क आले, त्यामागे हाच विचार आहे. गावातही प्लॉट पाडणाऱ्याने रस्ता, गटार आणि मोकळी जागा आधी सोडावी, मग विक्री करावी.

नकाशावर आज गटारासाठी पट्टा राखायला एक रेघ पुरते. दहा वर्षांनी त्याच रेघेसाठी कुणाचा तरी ओटा, कुणाची भिंत पाडावी लागते. मग कोर्टकचेरी आणि भाऊबंदकी. आमच्याकडचा पाऊस तर कोणाची वाट पाहत नाही. पाण्याची वाट अडवली, की ते घरात शिरते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला जरूर जा. नवा प्लॉट मंजूर होताना फक्त एक विचारा, ‘याचे सांडपाणी कुठे जाणार?’ उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळाले पाहिजे.