केसाचे मूळ



या व्याख्यानमालेत मोठमोठे विषय होतात. त्यांच्या मानाने आजचा माझा विषय केसाइतकाच बारीक आहे. तो मी मुद्दाम घेतला. का, ते ओघाने येईलच.

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. म्हणून तर न्हावी कात्री चालवतो आणि आपण खुशाल वर्तमानपत्र वाचत बसतो. जिवंत असते ते मूळ. त्वचेखाली एक चिमुकली पिशवी, तिच्या तळाशी कांद्यासारखा फुगवटा आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या. तेथल्या पेशी शरीरातील सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्या वर ढकलल्या जातात, कडक होतात, मरतात. त्यांचाच केस बनतो. बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, आत केराटीन नावाच्या प्रथिनाचे पिळदार धागे. या धाग्यांना एकमेकांशी जखडतो तो गंधक. केस जळला की जी घाण सुटते ती मुख्यतः गंधकाची. बैलाचे खूर, शिंग आणि आपले नखही याच जातीचे.

आता उपयोग. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बिनटोपीच्या टकलाला विचारावे! २०२३ साली काही शास्त्रज्ञांनी माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर निरनिराळे केसांचे टोप चढवले आणि वर प्रखर दिवे लावून उष्णता मोजली. कोणत्याही केसांनी डोक्याला पोचणारी उष्णता कमी झाली, घट्ट कुरळ्या केसांनी सर्वांत जास्त. भुवया घाम अडवतात, पापण्या धूळ. एवढे पुरे, मला लवकर शेगावला पोचायचे आहे.

आपण जळगावहून गाडीत बसलो की भुसावळ, मलकापूर, नांदुरा मागे टाकून शेगाव येते. महाराजांच्या दर्शनाला आपल्यापैकी कोण गेले नाही? त्याच शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत, २०२४ च्या डिसेंबरात आणि पुढल्या जानेवारीत विपरीत घडले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. हात फिरवला की पुंजका हातात यावा. म्हातारी माणसे तशी शाळकरी पोरेही. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शॅम्पूला, कोणी साथीच्या रोगाला. शेजारची गावे बिचकली. मुलींनी डोक्यावरचा पदर घट्ट केला, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. केस गेले हे दुःख होतेच. माणसे दूर सरली हे त्याहून मोठे.

यात एक खूण होती. चिंतेने, तापाने किंवा बाळंतपणानंतर केस गळतात ते साधारण दोन-तीन महिन्यांनी, कारण विश्रांतीला गेलेला केस लगेच पडत नाही. चार दिवसांत डोके उघडे पडते ते थेट मुळातल्या पेशींवर घाव बसला तर. असा घाव विष घालते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशाच्या उपचारामुळे जगाला ठाऊक झालेले, त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासले. सेलेनियम भलतेच वाढलेले निघाले. सरकारी तपासातही ते जास्त आढळले. रसायनशास्त्राच्या कोष्टकात सेलेनियम गंधकाच्या बरोबर खालच्या घरात बसते. रक्ताचे नाते असल्यासारखे ते गंधकाच्या जागी शिरते, आणि केराटीनचा सांधा ढिला पडतो. शरीराला त्याची गरज असते, पण मोहरीच्या दाण्याहून कितीतरी हलकी मात्रा. अमेरिकेच्या डाकोटा प्रांतात घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडत, खूर निखळत. ते सेलेनियमने, हे तेथे १९३० नंतरच्या दशकात उमगले.

हे आले कुठून? बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात काही जमिनींत सेलेनियम फार आहे, हे जुने ज्ञान आहे. गव्हाविषयी मात्र वाद झाला, आणि तो येथे माझ्याने मिटणार नाही. मला सांगायचे ते वेगळे. रक्त निवळते, केस साक्ष ठेवतो. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढणारा हा निर्जीव धागा, तयार होताना रक्तात जे होते ते पोटात धरून बसतो. ज्या पुंजक्यांची गावाने लाज वाटून घेतली, तेच पुरावा होते.

पुढे अनेकांच्या डोक्यावर पुन्हा लव दिसू लागली. मुळे मेली नव्हती. पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातल्या काहींची नखे विद्रूप होऊन गळू लागली. लोक पुन्हा घाबरले. नख तर केसाचेच भावंड, फक्त चालीने मंद. हाताचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर सरकते. हिवाळ्यात मुळाशी बसलेला घाव बोटाच्या टोकावर दिसायला चैत्र उजाडावा लागला.