चार रंगांचें चित्र
(ज्युबिलीच्या सभेंत वाचलेलें भाषण)



समोरच्या भिंतीवरील तैलचित्र आमच्या हातचें असलें, तरी मूळ कृति आमची नव्हे. राफाएलनें सुमारें १५१४-१५ सालीं आपला मित्र बाल्दास्सारे कास्तिल्योने याचें चित्र काढिलें. तें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. कास्तिल्योने हा मुत्सद्दी. पत्नी वारल्यावर त्यानें धर्मसेवा पत्करिली व तो पोपचा वकील म्हणून स्पेनला गेला. आपण दूर असतां पत्नी या चित्राशीं बोलून मन रमविते व तान्हें लेकरूं त्यास ओळखतें, अशी कल्पना त्यानें एका लॅटिन कवितेंत केली आहे.

आम्हीं तिघांनीं चारच रंग घेतले: पांढरा, रामरज, हिंगुळी तांबडा व हस्तिदंती काळा. राफाएलनें इतकेच वापरिले असें आमचें म्हणणें नाहीं. पण बाह्यांची करडी फर, काळा पोशाख व शुभ्र सदरा यांत भडक असें कांहींच नसल्यानें चारांवर भागेल असें वाटलें.

अडलें तें डोळ्यांशीं. ते निळसर दिसतात, आणि निळा तर जवळ नव्हता. धीर सुटून आम्हीं निळ्याची नळी विकत आणिली. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों डोळे कांचेच्या गोट्यांसारखे झालेले आणि चेहरा निर्जीव! सुरीनें खरवडतांना खालचा अर्धवट सुकलेला थरहि निघाला. महिन्याचें काम गेलें. आमच्यांतील एकानें कुंचले धुऊन ठेविले, तो तीन आठवडे फिरकला नाहीं.

मग काळ्यांत पांढरा मिसळून पाहिला. फळीवर ती निव्वळ राखाडी. परंतु कातडीच्या उबदार छटेशेजारीं ठेवितांच निळसर भासूं लागली. रंग पहिल्यापासून आमच्यापाशींच होता. त्याला शेजार हवा होता. हें पाहून तिसरा गडी परत आला.

नक्कल करण्यांत कमीपणा नाहीं. रूबेन्सनें याच चित्राची प्रत केली, आणि रेम्ब्रांटनें १६३९ सालीं ॲम्स्टरडॅमच्या लिलावांत तें पाहून त्याचें रेखाटन केलें. आमच्या प्रतींत उजवा हात अजून लांकडी दिसतो, हें आम्ही जाणतों. तरी जवळ येऊन डोळे तेवढे पाहावे, आणि दूर असलेलें आपलें माणूस क्षणभर आठवावें, ही विनंति.