शेजाऱ्याचा शेजारी: विरळ ग्राफचा वर्ग केला की काय होतं?

आज थोडं गणित आहे, पण हेडफोन काढू नका.

समजा, डोंगरात तीन जण वॉकीटॉकी घेऊन उभे आहेत. दोन टोकांच्या दोघांना एकमेकांचा आवाज पोचत नाही, मधल्याला मात्र दोघांचा पोचतो. टोकाचे दोघं एकदम बोलले, की मधल्याला फक्त खरखर. म्हणजे बोलायचे टर्न ठरवताना शेजारी बघून भागत नाही, शेजाऱ्याचा शेजारीही बघावा लागतो. वायरलेस सेन्सरचंही हेच. टर्न वाढले, की प्रत्येकाला जास्त वेळ थांबावं लागतं.

आता ग्राफ काढू. माणसं म्हणजे बिंदू, आवाज पोचतो तिथे रेघ. दोन पावलांत गाठता येणारे बिंदूही थेट जोडून टाका. झाला ग्राफचा वर्ग! तीन पावलं घेतली, की घन.

इथे एक घोळ होतो. मध्ये एक बिंदू, भोवती १००. रेघा फक्त १००. वर्ग केला, की १०१ बिंदू सगळेच एकमेकांना जोडले जातात. रेघा ५०५०! मग मूळच्या विरळपणाचा काही उपयोग उरतो का?

उरतो. प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन शेजारी आहेत असं धरा. त्यांचे आणखी दोन-दोन, म्हणजे ३ अधिक ६, एकूण ९. म्हणून १० टर्न नेहमीच पुरतात. पीटरसनच्या प्रसिद्ध ग्राफला, १० बिंदू आणि १५ रेघा, खरोखर १० लागतात. पण ग्राफ कागदावर रेघा न छेदता काढता येत असेल, तर ७ पुरतात! वेग्नर यांनी १९७७ मध्ये हा अंदाज मांडला. कार्स्टन थॉमासेन यांची सिद्धता २०१८ मध्ये छापून आली.

शेजारी दोन्हीकडे तीनच, मग फरक कुठे? पीटरसनच्या ग्राफमध्ये जोडलेल्या बिंदूंच्या पाच जोड्या आवळून एकेक बिंदू केला, की पाचही बिंदू एकमेकांना जोडलेले दिसतात. गच्चपणा आत लपलेला होता. नेशेत्रिल आणि ओसोना दे मेंदेझ यांनी विरळपणाची व्याख्या अशीच केली: जवळचे बिंदू आवळले तरी जो विरळ राहतो, तो खरा विरळ. अशा ग्राफमध्ये टर्न शेजाऱ्यांच्या प्रमाणात वाढतात, त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात नाही. आणि अल्गोरिदमला ५०५० रेघा साठवायची गरजच नसते. मूळच्या १०० रेघा आणि बिंदूंचा नीट लावलेला क्रम, एवढ्यावर काम भागतं.

मला यातून एक गोष्ट पटली. नुसत्या रेघा मोजून विरळपणा कळत नाही, त्या कशा गुंतल्यात ते बघावं लागतं.

कागद घ्या, एखादा ग्राफ काढा, त्याचा वर्ग करून बघा. भेटू पुढच्या भागात!