काटा खोटं बोलतो तेव्हा



फौजेतून निवृत्त झाल्यावर मी साठच्या दशकातली एक ब्रिटिश बनावटीची मोटार घेतली. तिचा तापमानाचा काटा पहिल्या दिवसापासून वरच चढलेला. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला, फरक शून्य. शेवटी ‘हा असाच आहे’ म्हणून मी त्याच्याकडे बघणंच सोडलं. मग एकदा मसुरीच्या चढावर होज गळायला लागला. काटा लाल पट्टीत गेला, पण माझा त्याच्यावर विश्वासच नव्हता. हेड गॅस्केट उडालं.

नंतर लक्षात आलं, पेट्रोलचा काटाही जास्तच दाखवत होता. दोन काटे एकाच दिशेनं चुकतात, तेव्हा दोष दोघांच्या सामाईक वाटेवर शोधायचा. या गाड्यांत डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझरची छोटी डबी असते. आतली द्विधातूची पट्टी तापून संपर्क जोडते-तोडते आणि गेजना सरासरी १० व्होल्ट मिळतात. डबीचं अर्थिंग गेलं की पट्टी तापत नाही, संपर्क जोडलेलाच राहतो, बॅटरीचा पूर्ण दाब गेजवर येतो. माझ्या गाडीत एका स्क्रूखाली गंज होता. सँडपेपर मारला, स्क्रू आवळला, दोन्ही काटे ताळ्यावर आले.

आता क्रम लिहून घ्या. दोन्ही काटे मेलेले असतील, तर आधी फ्यूज, मग स्टॅबिलायझर. तिथे डिजिटल मीटरचा आकडा उड्या मारतो, म्हणून टेस्ट लॅम्प लावा. तो लुकलुकला पाहिजे. एकच काटा चुकत असेल, तर इग्निशन बंद करून सेंडरची वायर काढा, बॉडीला घट्ट जोडा, मग इग्निशन चालू करा. काटा वर चढू लागला की लगेच बंद करा. म्हणजे गेज आणि वायर ठीक, दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. हललाच नाही, तर वायर किंवा गेज तपासा. टाकीजवळ ठिणगी नको, म्हणूनच इग्निशन आधी बंद. आणि तापमानाच्या गेजला तारेऐवजी बारीक तांब्याची नळी असेल, तर ही चाचणी त्याला लागू नाही.

फौजेत चौकीवरून रोज खोटा इशारा येऊ लागला, तर आम्ही चौकीकडे दुर्लक्ष करत नसू. आधी तिची लाइन तपासायचो. गाडीच्या बाबतीत मी हे विसरलो आणि इंजिन उघडावं लागलं. तुम्ही विसरू नका.