कुंभकोणमची पाटी

कावेरीकाठचे कुंभकोणम हे गाव आपणांस ठाऊक असते ते देवळांमुळे आणि बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वणीमुळे. तंजावरास भोसल्यांचे राज्य होते तेव्हा हा मुलूख त्यातच मोडत असे; तेव्हा मराठी माणसाला तो अगदीच परका नव्हे. याच गावी, सारंगपाणि मंदिरासमोरच्या रस्त्यावरील एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन वाढले. जन्म इरोडचा, 22 डिसेंबर 1887 चा. वडील कापडाच्या दुकानात कारकून. कागद विकत घेणे परवडत नसे, म्हणून मुलगा पाटीवर गणिते करी, कोपराने ती पुशी, आणि शेवटी हाती आलेले उत्तर तेवढे वहीत उतरून ठेवी.

श्रोतेहो, या पाटीकडे आपले दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते. वह्या राहिल्या, पाटी पुसली गेली. आणि पायऱ्या दिसत नाहीत म्हणून पायऱ्या नव्हत्याच, अशी एक समजूत रूढ झाली. नामक्कलची देवी स्वप्नात येऊन सूत्रे सांगे, ही कथा आपण मुलांना मोठ्या आवडीने सांगतो. स्वतः रामानुजनांची त्या देवीवर श्रद्धा होती, तिच्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. पण गणिताच्या तासाला गांगरणारे मूल त्या कथेवरून एवढेच समजते की हे ज्याला येते त्याला येते. 1903 च्या सुमारास त्यांच्या हाती पडलेले कार यांचे पुस्तकही या समजुतीला पोषक ठरले. त्यात हजारो प्रमेये आहेत आणि सिद्धता अगदी त्रोटक. परंतु सिद्धता नसलेले पुस्तक वाचणाऱ्याला ती स्वतःच शोधावी लागते, हे आपण विसरतो.

म्हणून आज त्यांची एक अशी कृती सांगतो की जिच्या साऱ्या पायऱ्या छापलेल्या आहेत. 1913 साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात ती आली. (या परिषदेचे ग्रंथालय तेव्हा पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि रँग्लर परांजपे तेथे प्राचार्य होते.) प्रश्न जुना आहे: दिलेल्या वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस पट्टी आणि कंपास यांनी काढावयाचा. तंतोतंत असा चौरस काढता येणार नाही, हे लिंडेमान यांच्या 1882 च्या सिद्धतेने ठरून गेले होते. उरला प्रश्न जवळपास जाण्याचा. परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी शाळेत आपण 22 भागिले 7 घेतो. चिनी गणिती त्सू चुंगचृ यांनी पाचव्या शतकातच 355 भागिले 113 हा कितीतरी सरस अपूर्णांक दिला होता. त्याची पहिली सहा दशांशस्थळे बरोबर येतात. आता हे 355 आणि 113 आकृतीत आणावयाचे कसे?

सोयीसाठी मी व्यास 6 घेतो. रामानुजनांनी तो कोणताही धरला आहे. व्यासाची टोके प आणि र. र पासून 1 अंतरावर व्यासावर ट हा बिंदू घ्या आणि तेथे वर्तुळापर्यंत लंब उभा करा. व्यासाचे तुकडे 5 आणि 1, म्हणून लंबाचा वर्ग 5. तेवढ्याच लांबीची जीवा र पासून काढा. तिचे दुसरे टोक स. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, म्हणून पस चा वर्ग 36 वजा 5, म्हणजे 31.

येथवर सातवी-आठवीचे मूल आपल्याबरोबर येईल. पुढची पायरी मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. केंद्रातून आणि ट मधून रस ला समांतर रेषा काढल्या की पस वर दोन बिंदू मिळतात. पहिला तिच्या मध्यावर पडतो, दुसरा पाच षष्ठांशावर; म्हणजे दोहोंमधील अंतर पस च्या बरोबर एक तृतीयांश. अर्धा आणि तिसरा हिस्सा एकाच आकृतीतून निघाले! आता प पासून अर्ध्याएवढी जीवा काढा, तिचे टोक ख. पुन्हा काटकोन, रख चा वर्ग 36 वजा 31 चतुर्थांश, म्हणजे 113 चतुर्थांश. आणि प पाशी स्पर्शिका काढून तिच्यावर एक तृतीयांशाएवढे अंतर घ्या, टोक ल. रल चा वर्ग 36 अधिक 31 नवमांश, म्हणजे 355 नवमांश. हवे असलेले दोन्ही आकडे समोर उभे राहिले, तेही पायथागोरसखेरीज कोणाची मदत न घेता.

उरले ते समरूप त्रिकोणांचे काम. रख वर र पासून साडेचार अंतर मोजा, तेथून खल ला समांतर रेषा काढा. ती रल ला जेथे छेदील तेथपर्यंतचे र पासूनचे अंतर ही चौरसाची बाजू. तिचा वर्ग 9 गुणिले 355 भागिले 113 येतो, आणि आपल्या वर्तुळाची त्रिज्या 3 आहे.

चूक किती? महाराष्ट्राचे क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर आहे. तेवढे वर्तुळ घेतले तर चौरसाची बाजू सुमारे 555 किलोमीटर भरेल, आणि ती खऱ्या मापाहून अडीच सेंटिमीटरनेसुद्धा जास्त नसेल.

पुढच्याच वर्षी, 1914 साली, इंग्लंडात छापल्या गेलेल्या एका निबंधात त्यांनी आणखी एक आसन्न किंमत दिली. 361 ला 22 ने भागावे, त्यात 81 मिळवावे आणि दोनदा वर्गमूळ काढावे; आठ दशांशस्थळे बरोबर येतात. तिचीही भौमितिक कृती त्यांनी सांगितली आहे. पण 22 आणि 361 मुळात सुचले कसे, याविषयी ते इतकेच म्हणतात की ही किंमत आकडेमोड करता करता मिळाली, निबंधातील सिद्धांताशी तिचा संबंध नाही.