रोज एक अध्याय

कवी नारायण वामन टिळक आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि वाचायचा आग्रह धरला. पुस्तक मनात भरले नव्हते, पण शब्द दिला म्हणून टिळक वाचत राहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे 'वाचत राहणे'. श्रद्धा एका दिवसात मुरत नाही. आज नुसता वाचलेला उतारा उद्या घरातल्या दुखण्यात आठवतो, एखाद्याला क्षमा करताना हात धरतो.

पंडिता रमाबाईंनी वाचनाचे हे मोल ओळखले होते. अडाणी बाईलाही शास्त्र समजावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षे खपल्या. तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका होत्या. ज्यांना कुणी अक्षर शिकवले नव्हते, त्यांच्या बोटांनी वचनाच्या ओळी जुळत गेल्या!

आपल्याला तर पुस्तक आयते मिळाले आहे. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. अवघे 16 अध्याय आहेत. रात्री जेवणे झाली की एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, आवडलेल्या ओळीला पेन्सिलने खूण करावी. एखादा दिवस चुकला तर खंत करू नका. खूण जिथे आहे, तिथून पुढे वाचा.